परदेशी गेल्यावर जुन्या कंपनीची नोटीस आली, तर या चुका टाळा

समजा, पुण्यातील कंपनीला तीन वर्षांचा बाँड (म्हणजे तेवढा काळ नोकरी करीन, नाहीतर ठरलेली रक्कम भरीन असा करार) लिहून दिलेला इंजिनिअर दीड वर्षातच नोकरी सोडून जर्मनीला गेला आणि साताऱ्याच्या घरी वकिलाच्या नोटिशीचे पाकीट आले. वडील घाबरून ते घेत नाहीत, पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत नेतो आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. मला ही सर्वांत घातक चूक वाटते. योग्य पत्त्यावर आलेले टपाल नाकारले तरी न्यायालये सहसा ते मिळाले असेच धरतात, आणि पुढे समन्सही असेच परत गेले तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपली बाजू न ऐकताच निकाल, होऊ शकतो. पाकीट घ्यावे, त्यावर तारीख घालावी आणि लिफाफ्यासकट त्याचा फोटो मुलाला पाठवावा.

मग कागद नेमका कशाचा आहे, ते पाहावे. बाँडच्या पैशांची मागणी दिवाणी स्वरूपाची असते. ‘पासपोर्ट रद्द करू’ या धमकीने हातपाय गाळू नयेत, कारण तो अधिकार कंपनीला नसून पासपोर्ट अधिकाऱ्याला असतो.

रुजू होताना सही करून दिलेला चेक मात्र वेगळी गोष्ट आहे. कंपनीने तो बँकेत भरला आणि वटला नाही, तर चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी फक्त १५ दिवस असतात. त्यानंतरचा खटला फौजदारी असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जाताना पगाराचे खाते बंद केले म्हणून यातून सुटका होत नाही. तेव्हा त्याच आठवड्यात वकील गाठावा.

‘बाँडला कायद्यात किंमतच नसते’ हा मित्रांचा सल्लाही अर्धवट आहे. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्यावरील बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली सामान्यतः टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करण्याची अट निराळी, आणि विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अशी अट व दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. तरीही बाँडवरचा आकडा जसाच्या तसा द्यावा लागतोच असे नाही. करार कायद्याच्याच कलम ७४ नुसार न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवते, त्यामुळे प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च झाला, याचा हिशेब नोटिशीच्या उत्तरात जरूर मागावा.

हे उत्तर वकिलामार्फतच जावे. रात्री रागाच्या भरात एचआरला व्हॉट्सॲपवर लिहिलेले ‘थोडे थोडे करून देतो’ हे वाक्य पुढे देणे कबूल केल्याचा पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते.

प्रकरण न्यायालयात गेलेच, तर मुलाने वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम पाहण्याचा अधिकार देणारा दस्त) करून भारतीय दूतावासात साक्षांकित करावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे.