माशातील कृमींची जात डीएनएवरून कशी ठरवावी

उजनीच्या जलाशयातली वाम पुण्याच्या बाजारातून आणून तिचे आतडे उघडले, तर पांढऱ्या फितीसारखे कृमी पुष्कळदा मिळतात आणि त्यांपैकी बरेच सेंगा या वंशातले असतात. ते एकाच जातीचे आहेत की दोन-तीन जातींचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वाम आणि मरळ या माशांतून सेंगाच्या अनेक जातींची वर्णने भारतात प्रसिद्ध झाली आहेत. त्यांतली बरीचशी थोड्याच नमुन्यांवर आणि डोक्यावरच्या आकड्यांची (हुकांची) संख्या, वृषणांची संख्या, शरीराची लांबी अशा मोजमापांवर आधारलेली असल्याने पुढच्या अभ्यासकांनी त्यांपैकी कित्येकांच्या वैधतेवर शंका घेतली आहे. कृमी कोवळा आहे की पक्व, तो जतनाच्या द्रावणात टाकताना आखडला की सैल राहिला, यावर ही मोजमापे बदलतात. डीएनएचा अनुक्रम, म्हणजे त्यातल्या रासायनिक अक्षरांचा (बेसचा) क्रम, मात्र आखडत नाही. म्हणूनच येथे त्याची मदत मोठी आहे, परंतु ज्या कृमीचा डीएनए वाचला त्याच कृमीचे शरीर ओळखीसाठी जपून ठेवले असेल, तरच ती मदत खरी ठरते. (या लेखात जाती म्हणजे एकेक स्वतंत्र प्रकार आणि वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट, असा अर्थ घ्यावा.)

सुरुवात माशापासून करावी. बाजारातल्या टोपलीत निरनिराळ्या धरणांचे मासे एकत्र आलेले असू शकतात, त्यामुळे जलाशयाचे नाव खात्रीने लिहायचे असेल तर भिगवणसारख्या ठिकाणी जाऊन मासेमाराकडून थेट मासा घेणे अधिक चांगले. मासा ताजा हवा, कारण बर्फात दोन दिवस पडलेल्या माशातले कृमी मेलेले व फुगलेले मिळतात आणि त्यांच्या शरीराचे बारकावे निघून गेलेले असतात. माशाचे छायाचित्र मोजपट्टीसह काढून ठेवावे, कारण यजमान माशाची (ज्याच्यात कृमी राहतो त्याची) ओळख चुकली तर पुढचा सारा युक्तिवाद डळमळतो.

कृमी आतड्यातून अलगद सोडवून सौम्य मिठाच्या पाण्यात धुवावा. जिवंत कृमीवर उकळीच्या जवळ आलेले तेच मिठाचे पाणी एकदम ओतले, तर तो न आखडता ताठ व सैल अवस्थेत मरतो. त्यानंतर त्याचा छोटा तुकडा कापून 95 ते 100 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि उरलेले शरीर आकारविज्ञानासाठी ठेवावे. तुकडा कोठून घ्यायचा, हे गटानुसार ठरते. फीतकृमीचे डोके आणि मागचे पक्व खंड राखून मधले काही खंड घ्यावेत. गोलकृमीचे डोके व शेपूट राखून मधला भाग घ्यावा. काटेरी डोक्याच्या कृमीची सोंड कधीही कापू नये, कारण तिच्यावरील काट्यांच्या ओळींवरच त्याची ओळख अवलंबून असते. कल्ल्यांवरचे डॅक्टिलोगायरस किंवा गायरोडॅक्टिलस हे चपटे कृमी मात्र साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतात. त्यांचे मागचे, आकडे असलेले चकतीसारखे टोक सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने वेगळे करून काचपट्टीवर बसवावे आणि बाकीचे शरीर डीएनएसाठी वापरावे. काचपट्टीवर कडेचे बारीक आकडे मोजले, तर डॅक्टिलोगायरसचे 14 आणि गायरोडॅक्टिलसचे 16 भरतात.

फॉर्मालिनचा उल्लेख वेगळा करतो. एका हंगामातले माझे सगळे कृमी मी सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकले होते आणि नंतर त्यांतल्या एकाचाही पीसीआर (डीएनएच्या ठरावीक खंडाच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया) नीट झाला नाही. फॉर्मालिन डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकते व त्याचे तुकडे होतात. डीएनएसाठी कापलेला तुकडा आधी इथेनॉलमध्ये गेला पाहिजे, हा क्रम तेव्हापासून मी मोडलेला नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सैल झाकणाच्या कुपीतले इथेनॉल उडून जाते, म्हणून कुप्या अधूनमधून तपासाव्यात व शक्यतो थंड जागी ठेवाव्यात. कुपीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, कारण इथेनॉल शाई विरघळवते.

डीएनए काढणे त्यामानाने सोपे आहे. तुकड्यातले इथेनॉल सुकू द्यावे आणि प्रोटीनेज के या विकरासह तो 56 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावा. पुढे तयार संचाच्या सूचना पाळाव्यात.

खरा विचार लागतो तो कोणता जनुकखंड वाचायचा हे ठरवताना. पेशीकेंद्रातील 18एस (रायबोसोमच्या आरएनएचे एक जनुक) हा खंड फार सावकाश बदलतो. त्यावरून कृमी कोणत्या मोठ्या गटातला आहे हे कळते, पण जवळच्या दोन जाती त्यावर सारख्याच दिसू शकतात. 28एस या तशाच दुसऱ्या जनुकाचा सुरुवातीचा भाग थोडा अधिक बदलतो आणि वंश व जाती यांच्या सीमेवर उपयोगी पडतो. आयटीएस हा त्यांच्यामधला खंड आणखी वेगाने बदलतो, म्हणून गायरोडॅक्टिलससारख्या गटांत त्याचाच वापर रूढ आहे. मायटोकॉन्ड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातील) कॉक्स 1 हे जनुक सर्वांत जलद बदलणाऱ्या खंडांपैकी आहे व जवळच्या जाती वेगळ्या करण्यास उत्तम आहे, परंतु इतर प्राण्यांसाठी सरसकट वापरली जाणारी, फोल्मर व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दिलेली प्रायमरची (पीसीआर कोठून सुरू व्हावा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) जोडी फीतकृमी, गायरोडॅक्टिलस अशा चपट्या कृमींवर पुष्कळदा चालत नाही. त्या गटासाठी बनवलेले प्रायमरच निवडावेत. माझा सल्ला असा, की पेशीकेंद्रातला एक आणि मायटोकॉन्ड्रियातला एक असे किमान दोन खंड वाचावेत. मायटोकॉन्ड्रिया केवळ मातेकडून येत असल्याने एकट्या त्याच्यावर जातीचा निवाडा ठेवणे धोक्याचे असते.

पीसीआर करताना डीएनए न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी ठेवावी. तपासणीत तिच्यातही डीएनएची पट्टी दिसली, तर त्या दिवसाचे सारे निकाल बाजूला ठेवावेत. अनुक्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्यावा आणि आलेखातील शिखरे स्वतः डोळ्यांनी पाहावीत. एकाच जागी दोन सारखी शिखरे दिसली, तर दोन कृमींचे मिश्रण झाले असेल किंवा त्या कृमीतच त्या खंडाच्या दोन प्रती असतील. माशाच्या ऊतींचा डीएनएही सोबत येऊ शकतो, म्हणून अनुक्रम आधी ब्लास्ट या अनुक्रम शोधून जुळवणाऱ्या प्रणालीवर टाकून तो कृमीचाच आहे याची खात्री करावी. कॉक्स 1चे प्रथिनात भाषांतर करताना योग्य संकेतसारणी (तीन-तीन बेसच्या त्रिकांचा अर्थ सांगणारी यादी) निवडणे हाही महत्त्वाचा टप्पा आहे. चपट्या कृमींसाठी जेनबँकेतील (अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहातील) 9 क्रमांकाची, तर गोलकृमी व काटेरी डोक्याच्या कृमींसाठी 5 क्रमांकाची सारणी घ्यावी. नेहमीची सारणी लावली तर टीजीए हे त्रिक विराम, म्हणजे प्रथिन संपल्याची खूण, समजले जाते आणि चांगला अनुक्रमही तुटलेला वाटतो. 9 आणि 5 या दोन्ही सारण्यांत मात्र ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दर्शवते. योग्य सारणी लावूनही मध्येच विराम येत असेल, तर वाचन चुकले आहे असे समजून पुन्हा तपासावे.

ब्लास्टने दाखवलेले पहिले नाव म्हणजे उत्तर नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हापुन्हा सांगतो. जेनबँकेतील कृमींच्या नोंदींत चुकीची नावे आहेत आणि आपल्याकडच्या कित्येक जातींच्या नोंदी तेथे मुळी नाहीतच. नोंदीमागे प्रकाशित वर्णन आहे का, जपलेला नमुना आहे का, यजमान व ठिकाण पटण्यासारखे आहे का, हे पाहून मगच तिच्यावर भरवसा ठेवावा. त्यानंतर विश्वासार्ह अनुक्रम आणि आपले अनुक्रम एकत्र जुळवून अंतरे मोजावीत. समजा, 600 बेसच्या खंडात आपल्या कृमींच्या एका गटात आपसांत 0 ते 3 बेसचा फरक आहे आणि त्या गटाचा दुसऱ्या गटाशी 60 बेसचा, म्हणजे 10 टक्के फरक आहे. मध्ये अशी रिकामी जागा दिसली, तर दोन जाती असाव्यात असे म्हणण्यास आधार मिळतो. पण दोन टक्क्यांपुढे नवी जात, असा सर्व कृमींना लागू पडणारा आकडा अस्तित्वात नाही. ही रेषा प्रत्येक गटात त्यातल्या निश्चित ओळखलेल्या जातींवरून काढावी लागते. सोबत मेगासारख्या संगणक प्रणालीत वंशवृक्ष काढून, दोन्ही खंडांवर तेच गट उमटतात का, हे पाहावे.

अनुक्रमांनीही प्रश्न सुटत नाही अशी उदाहरणे आहेत. नॉर्वेतील सामन माशांचे मोठे नुकसान करणारा गायरोडॅक्टिलस सॅलरिस आणि ग्रेलिंग माशावरचा गायरोडॅक्टिलस थायमॅली यांचा आयटीएस सारखाच निघाला, तर कॉक्स 1वरचे गट यजमानांप्रमाणे सरळ विभागले गेले नाहीत, आणि त्या दोन जाती की एक, यावर दीर्घ वाद झाला. उलटपक्षी अॅनिसाकिस सिम्प्लेक्स आणि अॅनिसाकिस पेग्रेफी या सागरी माशांतील गोलकृमींच्या अळ्या दिसायला सारख्या असल्या, तरी आयटीएस खंड विशिष्ट विकरांनी कापून त्या वेगळ्या ओळखता येतात. अळ्यांच्या बाबतीत डीएनएचे मोल सर्वांत जास्त आहे. मरळीच्या मांसातील कोशस्थ अळीत प्रौढाची लक्षणे पुरती आलेली नसतात, पण तिचा अनुक्रम पाणपक्ष्याच्या शरीरातील प्रौढ कृमीशी जुळला, तर त्या कृमीच्या जीवनचक्राचे दोन टप्पे जोडले जातात.

अनुक्रम आणि शरीररचना यांचे म्हणणे जुळले तर नाव लिहावे. न जुळल्यास आकड्यांची मोजणी पुन्हा करावी, आणखी मासे तपासावेत, आणि तरीही खात्री नसेल तर केवळ सेंगा, जात अनिश्चित, असे लिहावे. अनुक्रम जेनबँकेत देताना यजमानाचे नाव, ठिकाण, तारीख व नमुना क्रमांक भरावा. रंगवलेली काचपट्टी आणि उरलेला तुकडा त्याच क्रमांकाने मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा. पुणेकरांना त्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डी येथील पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे विचारणा करता येईल. पुढे कोणी त्या कृमीचे नाव बदलले, तर जेनबँकेतील नोंदही आपणच दुरुस्त करून घ्यावी.