शेड की शॅडो? लर्नर्स डिक्शनरी बघायची कशी

आमच्या बेळगावकडं पोरांना दोन भाषा तर येतातच, घरात मराठी आणि बाजारात कन्नड, पण इंग्लिशमधले सारखे वाटणारे शब्द आले की गाडी अडतीय. सावलीचंच बघा की. शेड म्हणजे पण सावली, शॅडो म्हणजे पण सावली, कन्नडात विचारलं तर दोन्हीला नेरळु, मग इंग्लिश-मराठी उघडा नाहीतर इंग्लिश-कन्नड, फरक काय कळत नाही.

अशा वेळी लर्नर्स डिक्शनरी उघडायची, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन सगळ्या मोबाईलवर फुकट बघायला मिळतात. ज्यांच्या घरात इंग्लिश बोलत नाहीत त्यांच्यासाठीच या केलेल्या. ऑक्सफर्डवाली हॉर्नबी म्हणून एक मास्तर जपानात शिकवायचे त्यांनी केली, 1942 ला पहिल्यांदा छापली ती पण जपानातच. लाँगमन सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगतंय, म्हणजे एका शब्दासाठी अजून चार शब्द शोधत बसायला नको.

आता अर्थ वाचायची घाई करू नका, आधी त्या अर्थाच्या सुरुवातीला असलेली बारीक खूण बघा. ऑक्सफर्डमध्ये शेडच्या पहिल्या अर्थाला अनकाउंटेबल लिहिलंय आणि शॅडोच्या पहिल्या अर्थाला काउंटेबल. अर्धं काम इथंच झालं. दुपारी वडाखाली गार वाटतंय ती जागा शेड, ती मोजता येत नाही, आणि त्याच वडाचा भिंतीवर जो काळा आकार पडतोय तो शॅडो, दोन झाडं असली तर दोन शॅडो.

दुसरं, शब्दाच्या नंतर काय येतंय ते बघा. हे मी डिग्रीला असताना बघितलं नव्हतं. खडेबाजारात गर्दीत मोबाईल गेला आणि मी वर्गात ऐटीत सांगितलं, आय वॉज स्टोलन! म्हणजे चोरानं मलाच उचलून नेलं, आठवडाभर पोरं हसत होती. डिक्शनरीत स्टीलच्या नंतर समथिंग, म्हणजे वस्तू असतीय, रॉबच्या नंतर माणूस नाहीतर बँक. मोबाईल स्टोलन, मी रॉब्ड.

ऑक्सफर्डमध्ये काही शब्दांना विच वर्ड म्हणून वेगळी चौकट पण असतीय, ती सोडू नका. हाय आणि टॉलची आहे. आपल्याला दोन्ही उंचच, पण माणूस टॉल, नारळाचं झाड टॉल, आणि राजहंसगडाचा डोंगर मात्र हाय.

सगळ्याच जोड्यांना एवढं करायला लागत नाही हं. हिअर आणि लिसनला मराठीच पुरते, ऐकू येणं आणि ऐकणं, झालं. कन्नडातनं मात्र जाऊ नका तिथं, केळु म्हणजे ऐकणं पण आणि विचारणं पण, नवाच घोळ होतोय.