सुपरकॉम्प्लेक्सचा पट्टा दिसत नसेल तर आधी डिटर्जंट तपासा

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतून एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला मायटोकॉन्ड्रियाचा प्रोजेक्ट घेतलेल्यांसाठी लिहितेय. इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात I ते IV या प्रथिनांच्या गटांतून (कॉम्प्लेक्समधून) इलेक्ट्रॉन पुढे नेणारी साखळी, तुम्हाला पाठ असणारच.

त्या पाठ आकृतीनेच माझा घात केला. कॉम्प्लेक्स आतल्या पटलात सुटे फिरतात आणि धडकेतून इलेक्ट्रॉन पुढे जातात, हे हॅकनब्रॉक यांनी १९८६ मध्ये मांडलेलं चित्र. २००० साली शेगर आणि फायफर यांनी ब्लू नेटिव्ह जेलवर (प्रथिनं न उलगडता आकारानुसार वेगळी करणारी जेल) दाखवलं की गाईच्या हृदयात कॉम्प्लेक्स I, III ची जोडी आणि IV एकत्र बांधलेले सापडतात; या जुडग्यालाच सुपरकॉम्प्लेक्स म्हणतात. मला तेच बघायचं होतं.

सिनियरच्या वहीतून प्रोटोकॉल जसाच्या तसा उतरवला. त्यात पटल विरघळवून कॉम्प्लेक्स मोकळे करायला डोडेसिल माल्टोसाइड हे डिटर्जंट होतं. कॉम्प्लेक्स I चा पट्टा हजार किलोडाल्टनच्या आसपास छान यायचा, त्याच्या वर, जिथे जड सुपरकॉम्प्लेक्स दिसायला हवेत, तिथे जेल कोरी. चार महिने मी बर्फाला, सेंट्रीफ्यूजला, बकऱ्याच्या हृदयाला दोष देत राहिले.

आमच्या रावेरकडे केळीचा घड उतरवतात तेव्हा दांड्यापासून फण्या कापतात. एकेक केळं तोडून टोपलीत टाकलं, तर ती फणीत होती हे टोपली बघून कोण सांगेल? माल्टोसाइड तेच करतं. कॉम्प्लेक्स शाबूत, पण त्यांची आपसातली पकड सुटते. डिजिटोनिन हे दुसरं डिटर्जंट सौम्य, ते फणी राखतं. हृदयासाठी एक मिलीग्रॅम प्रथिनामागे चार ते सहा मिलीग्रॅम घ्या. थंड पाण्यात ते नीट विरघळत नाही, ९५ अंशांपर्यंत तापवून मग गार करा. गढूळ द्रावण वापरलंत तर आठवडा गेलाच समजा. उतरवलेला प्रोटोकॉल म्हणजे उसनं औषध, असं माझं ठाम मत आहे. आणि जेलशेजारी कधी उभेच न राहणारे गाइड शक्यतो टाळा.

धीर मात्र सोडू नका. माल्टोसाइड सोडून डिजिटोनिन घेतलं त्याच आठवड्यात, कॉम्प्लेक्स I असेल तिथे जांभळा रंग देणाऱ्या एनएडीएच आणि नायट्रोब्लू टेट्राझोलियमच्या द्रावणात बुडवलेल्या जेलवर कॉम्प्लेक्स I च्या वर जांभळे पट्टे उमटले. मी ट्रे हातात धरून रडले.

या जोडणीने इलेक्ट्रॉन खरंच वेगाने जातात का, यावर अजून वाद आहे; व्हायव्हात छातीठोक 'हो' म्हणू नका. एटीपी सिंथेज (एटीपी बनवणारं एन्झाइम) विचारलं तर त्याच्या जोड्या क्रिस्टीच्या, म्हणजे आतल्या पटलाच्या घड्यांच्या, कडांवर रांगेने बसतात हे सांगा. आणि कॉम्प्लेक्स II वरच्या पट्ट्यात दिसला नाही तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा सुटाच असतो.