गांजाच्या स्पर्धेत एंट्री पाठवताय? या चुका टाळा

आईला फोनवर सांगितलं की आमच्या फार्मची एंट्री स्टेट फेअरला चाललीये, तर म्हणाली वा, कसली गं, टोमॅटोची का? गांजाची म्हटल्यावर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला आणि मग, "गांजाला बक्षीस? कोण देतं?"

तर आई, कॅलिफोर्नियाच्या सरकारी जत्रेत देतात, सॅक्रामेंटोला, २०२२ पासून, वाइन आणि चीजला देतात तसंच. मी एका छोट्या लायसन्सवाल्या फार्मचं पेपरवर्क बघते, त्यामुळे एंट्री भरणं, सॅम्पल पाठवणं सगळं माझ्याच गळ्यात पडतं. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, उरलेल्या शेजारच्यांनी.

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जास्त टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला माल उचलून पाठवणं. दुकानात गिऱ्हाईक टक्का बघून घेतं म्हणून आपल्यालाही वाटतं की तिकडेही तेच बघतात. पण स्टेट फेअरच्या स्पर्धेची सुरुवातच अशी झाली की कोणी जज बसून ओढत नाही, सगळा निकाल लॅबचा, आणि मेडल एकेका घटकाला, म्हणजे मिरसीन, लिमोनीन वगैरे टर्पीन (वास देणारी तेलं हो) किंवा सीबीडीए (नशा न आणणारा घटक) वगैरे. उलट एमराल्ड कपला (ही कॅलिफोर्नियातलीच दुसरी गांजाची स्पर्धा) माणसं बसतात, वास घेतात, चव बघतात, फूल हातात फिरवून बघतात. त्यांनी तर नंतर फुलांचे गटच वासाच्या घराण्यावरून पाडले, एक डेझर्ट्स, एक ओजी आणि गॅस, असे सहा. म्हणजे एका ठिकाणी जिंकणारी बरणी दुसरीकडे तोंडावर पडू शकते. नियम आधी वाचा, बरणी नंतर निवडा.

आणि टक्का लिहितानाही घोळ होतो. रिपोर्टवर टीएचसीए (गरम झाल्यावर ज्याचं टीएचसी होतं ते) ३० टक्के दिसलं की लोक फॉर्ममध्ये ३० ठोकून देतात. त्याला ०.८७७ ने गुणायचं असतं कारण गरम झाल्यावर त्यातला थोडा भाग उडून जातो, म्हणजे झाले २६.३, मग त्यात आधीपासून असलेलं टीएचसी मिळवायचं. आकडे फुगवून देणाऱ्या लॅब शोधत फिरायचा धंदा इथे इतका चालायचा की शेवटी राज्याने जानेवारी २०२४ पासून सुक्या फुलांसाठी सगळ्या लॅबना एकच टेस्ट पद्धत लावली. त्यामुळे जुन्या रिपोर्टवरचे आकडे नव्या मालाला चिकटवू नका, लगेच उघडं पडतं.

कॅटेगरीत आम्ही स्वतः आपटलो होतो. माल उन्हातला, दिवा एकही लावला नाही, म्हणून मी बिनधास्त आउटडोअर लिहिलं. पण आमच्या दादांनी (शेतकरी गोरा आहे, मी त्याला दादाच म्हणते) उन्हाळ्यात रोज संध्याकाळी काळी ताडपत्री ओढून झाडांना लवकर रात्र केली होती, म्हणजे फुलं लवकर धरतात. लायसन्सच्या व्याख्येत एकदा अशी ताडपत्री ओढली की आउटडोअर संपलं, ते मिक्स्ड लाइट. दिवा नसताना लाइट कसला, असं मीही भांडून बघितलं, पण व्याख्या म्हणजे व्याख्या.

मग गाडी. जुलैत सॅक्रामेंटोला ४० डिग्री सहज होतं. एकदा मी सॅम्पलची बरणी डिकीत ठेवून वाटेत जेवायला थांबले, तासभरच. परत येऊन झाकण उघडलं तर सकाळी जो लिंबाच्या सालीचा वास नाकात जात होता तो गायब, नुसतं वाळलेलं गवत, उन्हात विसरलेल्या मेथीसारखं. टर्पीन उष्णतेने उडतात, आणि हलकी असतात ती आधी. कूलर बॅग न्या, बर्फ थेट काचेला लागू देऊ नका, नाहीतर आत दमट होतं. आणि निघण्याआधी बरणीवरचा बॅच नंबर आणि लॅब रिपोर्टवरचा नंबर एकेक अंक बोट ठेवून जुळवा. यावर जास्त काय सांगू, बोट ठेवूनच जुळवा.

आता घेणाऱ्यांची चूक. पाकिटावर "कप विनर" दिसलं की दुप्पट पैसे द्यायला तयार. अहो, हे गावोगावच्या हातगाडीवरच्या "देवगड हापूस"सारखं आहे. कॅनाबिस कप नावाची गांजाची स्पर्धा १९८८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू झाली, तेव्हा स्कंक नंबर वन नावाची जात जिंकली. १९९५ ला जिंकलेलं व्हाइट विडो तर आपल्याही ओळखीचं निघतं, त्याच्या घराण्यात दक्षिण भारतातली जात असल्याचं सांगतात. पण जिंकला तो एका माणसाने एका वर्षी वाढवलेला माल, नाव तेच लावून आज कुणीही बी विकतं. शिवाय अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या कपात जजचा पास पैसे देऊन कुणीही घेऊ शकायचं, तेव्हा कोणी निवडलं हेही विचारा. वर्ष, कॅटेगरी आणि कुणी वाढवला, हे तीन न सांगता नुसता कप दाखवत असेल तर पुढच्या दुकानात जा. कॅनडात राहणाऱ्यांना हा त्रास कमी, तिकडे पाकिटावर नियमाबाहेरचं फारसं काही छापताच येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक आपल्या लोकांची आहे म्हणून जरा नीट वाचा. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल आणि मित्राच्या फार्मला मदत म्हणून स्टेजवर जाऊन ट्रॉफीसोबत फोटो काढून लिंक्डइनवर टाकला, तर तो फोटो आयुष्यभर नडू शकतो. राज्यात कायदेशीर असलं तरी फेडरल कायदा वेगळा, आणि एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशनवाल्यांनी स्पष्टच लिहिलं की या धंद्यातलं काम, राज्यात चालत असलं तरी, सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतं. मी हे काम सिटिझन झाल्यावरच धरलं, आधी वकिलाला पैसे देऊन विचारलं. तुम्हीही विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना नको.

तसंच जिंकलेल्या गमीचं (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं) पाकीट आठवण म्हणून बॅगेत टाकून मुंबईला नेऊ नका. नेवाडाची हद्द ओलांडली तरी फेडरल गुन्हा होतो, आणि भारतात १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, थोडासाच आहे म्हणून बाहेरून आणलेला माल माफ होत नाही, थोड्यालाही वर्षभरापर्यंत तुरुंग आहे. आपल्याकडे होळीला भांग चालते ना, हा वाद विमानतळावर घालू नका. कायद्यात पान आणि बी यांची गोष्ट वेगळी, फुलाची आणि चरसाची वेगळी.

आईला शेवटी नुसता एंट्रीच्या पावतीचा फोटो पाठवला. तिने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "लेकीचा अमेरिकेतल्या कृषी प्रदर्शनात सहभाग." पीक कोणतं ते मामीने विचारलंय, अजून उत्तर गेलेलं नाही.