रागाची प्रश्नावली: बेरजेच्या आधी आणि नंतर

'माझा पारा लवकर चढतो', 'लोक माझ्यामागे माझ्याबद्दल बोलत असतील असं वाटतं', 'कुणी डिवचलं तर हात उचलला जातो.' ही तीन विधानं एकाच माणसाची असू शकतात, पण मोजतात तीन वेगळ्या गोष्टी. पहिलं भावना, दुसरं मनातला वैरभाव, तिसरं प्रत्यक्ष वागणं. यातलं नेमकं काय हवंय ते आधी कागदावर लिहा आणि मगच प्रश्नावली शोधा. बहुतेकांचं काम उलट्या क्रमाने होतं आणि तिथेच बिघडतं.

सर्वाधिक वापरली जाते ती आर्नल्ड बस आणि मार्क पेरी या मानसशास्त्रज्ञांची १९९२ची आक्रमकता प्रश्नावली. विधानं २९. शारीरिक आक्रमकतेची ९, शाब्दिक ५, रागाची ७ आणि वैरभावाची ८. प्रत्येकाला 'मला अजिबात लागू नाही' ते 'मला पूर्णपणे लागू' असे १ ते ५ गुण. म्हणून एकूण गुण २९ ते १४५. ही स्वभाव मोजते, या घटकेचा राग नाही. घटकेचा राग हवा असेल, किंवा माणूस राग गिळतो की बाहेर काढतो हे पाहायचं असेल, तर मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांची ५७ विधानांची स्टॅक्सी-२ ही प्रश्नावली घ्या. तिच्यात सध्याच्या रागाची १५, रागीट स्वभावाची १० आणि राग व्यक्त करण्याच्या व आवरण्याच्या पद्धतींची ३२ विधानं आहेत. ती विकत घ्यावी लागते. छायाप्रतीवर काम चालवू नका. आतल्या आत धुमसणारा माणूस बस-पेरीच्या शाब्दिक भागात अगदी शांत दिसू शकतो, हे लक्षात असू द्या.

भाषांतर एकट्याने करू नका. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यावं, मग फरक समोर ठेवून बसावं. त्यानंतर पाच-सात जणांना विधानं मोठ्याने वाचायला लावा आणि 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारा. सगळ्यात दगा देतात ती नकारार्थी विधानं. 'मारायला योग्य असं कारण कधी असू शकतं, असं मला वाटत नाही' याला 'लागू नाही' म्हणताना भलेभले गोंधळतात.

भरून घेताना शिक्षक किंवा वरिष्ठ खोलीत नकोत, नावाऐवजी क्रमांक द्या. मथळ्यात 'आक्रमकता चाचणी' असं छापलं की लोक सज्जन होऊन उत्तरं देतात. 'स्वभावविषयक प्रश्नावली' पुरे. संमतीपत्रात मात्र उद्देश खराच सांगा. चांगलं दिसण्याची ओढ किती आहे हे तपासायला मार्लो-क्राउन यांची ३३ विधानांची मापनी सोबत देता येते. कुणी मारहाणीची किंवा धमकीची गंभीर कबुली दिली तर त्याच्याशी कोण बोलणार, हेही आधीच ठरवा.

आता गुणांकन. बस-पेरीच्या मूळ प्रश्नावलीत दोन विधानं उलटी आहेत, म्हणजे त्यांना जास्त गुण म्हणजे कमी आक्रमकता: स्वभाव शांत असल्याचं (राग) आणि वर दिलेलं मारण्याच्या कारणाचं (शारीरिक). त्यांचे गुण ६ मधून वजा करा. ५ चा १ होतो. हे राहून गेलं की त्या विधानाचा इतर विधानांशी सहसंबंध ऋण येतो (इतरांचे गुण वाढतात तेव्हा याचे घटतात) आणि त्या भागाचा अल्फा, म्हणजे भागातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, घसरतो. अल्फा कमी आला म्हणून विधान काढून टाकण्याआधी ही चूक तपासा. पारा लवकर चढतो यालाही ५ आणि स्वभाव शांत आहे यालाही ५ देणारा कागद बाजूला काढा. बहुधा न वाचताच भरलेला असतो. एखादं उत्तर रिकामं असेल तर शून्य धरू नका. रागाच्या सातपैकी सहा उत्तरांची बेरीज १८ असेल, तर सरासरी ३, म्हणून भागाचे गुण २१. दोनपेक्षा जास्त रिकामी असतील तर तो भाग सोडून द्या.

एकूण बेरजेवर फार विसंबू नका. ८० गुण मिळालेल्या दोघांपैकी एक हातघाईवर येणारा आणि दुसरा फक्त संशयी असू शकतो. चारही भाग वेगळे मांडा. अमुक गुणांपुढे माणूस धोकादायक, अशी सर्वमान्य रेषा नाही. तुलना करायची ती त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि त्याच भाषेत उत्तरं दिलेल्या गटाशी. शारीरिक भागात पुरुषांचे गुण सरासरीने जास्त येतात, तेव्हा मिश्र सरासरी दिशाभूल करते.

समुपदेशनाआधी आणि नंतर मोजत असाल तर एक गणित कराच. बस-पेरींच्या मूळ अभ्यासात नऊ आठवड्यांनी पुन्हा घेतल्यावर राग या भागाची विश्वसनीयता, म्हणजे दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ, ०.७२ होती (पूर्ण मेळ असता तर १). तुमच्या गटाचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, ५ धरलं, तर मोजमापाची त्रुटी ५ गुणिले (१ वजा ०.७२) चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.६ येते. दोन मोजमापांतला फरक खरा मानायला तो या त्रुटीच्या सुमारे २.८ पट, म्हणजे ७ च्या वर हवा. २४ वरून २० झाले म्हणून एकट्या माणसाचा राग उतरला असं अहवालात लिहिता येणार नाही; तेवढा फरक नुसत्या चढउतारानेही पडतो.