भूकंप नकाशावर कसा शोधायचा: कोयनेचा हिशोब

आम्ही पाटणचे. कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट माझी आजी एकाच पद्धतीने सांगायची: "आधी जमिनीतनं गुरगुर आली, मांडणीवरची भांडी वाजली. मी उठून बसतीय तवर घर हाललं." भूगोल शिकवायला लागल्यावर मला कळलं, की आजीने दोन लहरी वेगवेगळ्या ओळखल्या होत्या. त्या दोन लहरींमधल्या वेळावरूनच भूकंपाची जागा काढतात. एक नकाशा, कंपास आणि पट्टी एवढ्यावर ते तुम्हालाही जमेल.

भूकंपलेख, म्हणजे जमिनीची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राने काढलेली रेघ, हातात आला की सगळ्यात उंच रेषेकडे धावू नका. मुलं हमखास तिथेच बोट ठेवतात. डावीकडून सावकाश या. शांत रेघ पहिल्यांदा जिथे बिघडते ती प्राथमिक लहर, म्हणजे पी. ती खडक दाबत-ताणत येते, खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. उभी हालचाल नोंदवणाऱ्या रेषेवर ती चांगली दिसते. मागून येणारी एस खडक आडवा हलवते आणि सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. तिच्यासाठी आडव्या हालचालीची रेषा बघा. तिथे लाटा एकदम मोठ्या आणि रुंद होतात. शंका आली तर शेजारच्या नोंदणी केंद्राचा लेख शेजारी ठेवून ताडून बघा. रस्त्यावरचा ट्रक एकाच केंद्रावर दिसतो, भूकंप सगळीकडे.

आता दोन्हींच्या वेळांची वजाबाकी करा आणि आलेल्या सेकंदांना ८ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. हा आठ वर दिलेल्या दोन वेगांतूनच साधारण निघतो. दीडशे किलोमीटरपर्यंत तो ठीक चालतो. त्यापुढे काही लहरी पृथ्वीच्या कवचाच्या खालून, जास्त वेगाने येतात, तिथे तक्ते वापरावे लागतात. पाटण कोयनानगरपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. म्हणजे आजीला उठून बसायला मिळाली ती दोनेक सेकंदं.

सरावासाठी मी वर्गात हे आकडे देते: रत्नागिरी ८ सेकंद, कोल्हापूर १२, पुणे साडेपंधरा. अंतरं आली ६४, ९६ आणि १२४ किलोमीटर. सेंटिमीटरला दहा किलोमीटर अशा नकाशावर कंपास अनुक्रमे ६.४, ९.६ आणि १२.४ सेंटिमीटर उघडा आणि त्या-त्या गावावर टोक ठेवून वर्तुळ काढा. एका वर्तुळाने फक्त अंतर कळतं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. तिसरं त्यातली एक जागा निवडतं. इथे ती कोयनानगरजवळ येते.

तिन्ही वर्तुळं नेमक्या एका बिंदूत मिळणार नाहीत, छोटा त्रिकोण उरेल. तो खोडू नका. अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे चार किलोमीटर, हे तो त्रिकोण दाखवतो. शिवाय आपण मोजलं ते जमिनीखाली भूकंप जिथे सुरू होतो त्या नाभीपर्यंतचं तिरकं अंतर, आणि वर्तुळ काढलं जमिनीवर. नाभी खोल असेल तर वर्तुळं गरजेपेक्षा मोठी पडतात.

वेळेचं एक सांभाळा. जागतिक नोंदी ग्रीनिचच्या वेळेत असतात. कोयनेचा भूकंप तिथे १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटांना सापडतो. साडेपाच तास मिळवले की आपली पहाटेची ४:२१ येते.

माझ्या मते खरी मजा यानंतर आहे. प्रत्येक केंद्रावर पी लहरीचा अगदी पहिला झटका वर आहे की खाली, ते बघा. वर असेल तर जमीन केंद्राकडे ढकलली गेली, तिथे अधिक चिन्ह करा. खाली असेल तर ओढली गेली, तिथे शून्य. भूकंपाभोवती पुरेशी केंद्रं असली आणि अधिक-शून्य चार चौकटींत आलटून पालटून पडले, तर खडक एकमेकांना घासून आडवे सरकले. १९६७ ला कोयनेत तसंच झालं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला मात्र एक बाजू दुसरीवर चढली. अशा भूकंपात दूरच्या केंद्रांवर बहुतेक अधिकच दिसतात.

चौकटींमधल्या दोन रेषांपैकी भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावर सरकले ती भेग, कोणता, हे या चिन्हांवरून ठरत नाही. त्यासाठी जमिनीवर जावं लागतं. कोयनेत भेगा आणि नंतरचे धक्के उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य अशा पट्ट्यात सापडले, तेव्हा दुसरी रेषा बाद झाली. कोयना धरणाचा जलाशय शिवाजीसागर भरल्यानंतर इथे धक्के वाढले, म्हणून जलाशयाच्या पाण्याशी त्यांचं नातं जगभर अभ्यासलं जातं. त्यासाठी इथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणलं आहे.

हीच चिन्हं हिमालयातल्या भूकंपांसाठी मांडली, की भारतीय भूपट्ट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो पृथ्वीच्या बाहेरच्या थराचा मोठा तुकडा, उत्तरेला खाली घुसताना दिसतो. त्याला जीपीएसच्या मोजमापांची जोड द्या. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचं खोरं सुमारे एक मीटर उचललं गेलं, आणि उत्तरेकडची काही शिखरं थोडी खचली.