नाशिकहून अंदमानला जाताय? आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट काढा

अंदमानचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, पॅकेज कितीला पडतं. पैशाचं नंतर बघू, आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि तारीख, तिथी, वार तिन्ही नीट बघा, कारण बेटावर गेल्यावर तुमचा दिवस समुद्र ठरवतो आणि एजंटने छापून दिलेला प्रोग्रॅम समुद्राने वाचलेला नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं प्लॅनिंग तिथेच होतं.

तारखेचं आधी सांगतो. आपण निघतो मुलांच्या सुट्ट्या बघून, म्हणजे दिवाळी नाहीतर मे महिना. दिवाळीत आपल्याकडे पाऊस संपलेला असतो पण तिकडे संपलेला नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ आहे. डिसेंबर २०१६ मधे असंच वादळ आलं आणि अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर हजाराच्या वर पर्यटक अडकून पडले, नेहमीच्या बोटी बंद, शेवटी त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. मे महिन्याचं दुसरंच, आपल्याला जूनचा पाऊस माहितीये पण मान्सून अंदमानात साधारण २२ मेच्या सुमाराला पोचतो म्हणजे आपल्या कितीतरी आधी, आणि त्याच्या पुढेमागे समुद्र खवळलेला असतोच. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल सगळ्यात चांगला काळ. आता निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना जानेवारी ते मार्च घर सोडताच येत नाही हे मला माहितीये, त्यांनी एप्रिलची खरड छाटणी उरकून, बागेकडे बघणारं घरात कोणी असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा धरावा. ऊन कडक असतं पण पाणी बहुतेक शांत मिळतं. २० मे नंतरचं स्वस्त पॅकेज कोणी दिलं तर ते का स्वस्त आहे ते समजून घ्या.

आता तिथी. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब आत जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. नील बेटावर लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं, दगडांमधल्या डबक्यात जिवंत कोरल, समुद्री काकडी, छोटे मासे दिसतात, आणि ते बघायला उधाणाची ओहोटी उत्तम. स्नॉर्केलिंगला मात्र भांगाचे दिवस बरे, प्रवाह कमी असतो आणि पाणी गढूळ होत नाही. हॅवलॉकला रात्री कयाकमधून नेतात, पाण्यात वल्हं घातलं की निळा उजेड चमकतो, ते बघायचं असेल तर चांदणं नको म्हणजे अमावस्येच्या जवळच जायला पाहिजे. मी स्वतः अमावस्येनंतर चार-पाच दिवसांनी पोचायचं असं सुचवतो, चंद्र लवकर मावळतो आणि प्रवाहही फार नसतो, दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी जमतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते म्हणून काल आलेल्या माणसाने सांगितलेली वेळ आज चालत नाही, हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला त्या दिवसाचं विचारायचं. कोकणातलं तिथीच्या पाऊणपटीचं गणित, म्हणजे तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ, तिथे लावू नका.

वार एवढ्यासाठी की सेल्युलर जेल सोमवारी बंद असू शकते, आधी खात्री करून घ्या. नाशिकचा माणूस तिथे जाऊन जेल न बघता परत आला असं व्हायला नको. सावरकर भगूरचे, बाबाराव आणि तात्याराव दोघंही भाऊ तिथे होते, आणि १९०९ च्या डिसेंबरात आपल्या विजयानंद थिएटरमधे कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली गेली त्यानंतरच्या खटल्याचे धागे थेट त्या कोठड्यांपर्यंत जातात. मूळच्या सात विंगांपैकी आता तीन राहिल्यात. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो सगळे करतात, तो कराच, पण त्याआधी सकाळी दार उघडल्या उघडल्या एकदा जा, तेव्हा ग्रुप आलेले नसतात. मुलांना वरच्या मजल्यावर तात्यारावांच्या कोठडीपर्यंत घेऊन जा, आत उभं करा, वरची ती छोटी खिडकी दाखवा आणि घाई करू नका.

आता जायचं कसं. नाशिकच्या ओझर विमानतळावरून हैदराबाद किंवा बंगळुरूमार्गे जोडून तिकीट मिळालं तर बघा, नाहीतर मुंबई आहेच. एकच गोष्ट पाळा, पोर्ट ब्लेअरपर्यंतचं सगळं एकाच पीएनआरवर पाहिजे. वेगवेगळी तिकिटं घेऊन हजार-दोन हजार वाचतात पण पहिलं विमान लेट झालं की पुढचं गेलं आणि पैसेही गेले, एका पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते. मुंबईहून पहाटेचं विमान असेल तर रात्री दहा-अकरालाच निघा. समृद्धी २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण झाला त्यामुळे इगतपुरीनंतर घाटाचं टेन्शन गेलं, पण आमणेच्या पुढे भिवंडी-ठाण्याला रात्रीचे कंटेनर असतात ते असतातच, घरापासून एअरपोर्टपर्यंत चार तास धरून चाला. थंडीत निघालात तर स्वेटर फक्त गाडीपुरता, तिकडे जानेवारीतही घाम येतो.

नावांचा एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ पासून, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवीन नाव, ड्रायव्हरच्या तोंडी जुनं, घाबरू नका, एकच ठिकाण आहे. भारतीयांना अंदमानसाठी वेगळं परमिट लागत नाही, लक्षद्वीपला लागतं. ओरिजनल आधार मात्र प्रत्येकाचं जवळ पाहिजे, बोटीच्या तिकिटावरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे, आणि हॅवलॉकला स्कूटर घ्यायची तर ओरिजनल लायसन्स.

प्लॅन करताना सगळ्यात महत्त्वाचं हे वाचा. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, हॅवलॉक किंवा नीलवर नाही. पॅकेजवाले सकाळच्या बोटीने आणून दुपारच्या विमानात बसवायचं दाखवतात, कागदावर बरोबर दिसतं, पण हवा बिघडली की पहिली बंद होते ती बोट, विमान बहुतेक वेळा उडतंच. घरात म्हातारी माणसं, मुलं, आणि विमान डोळ्यासमोर सुटलंय ही वेळ कोणावर येऊ नये. माझं गणित असं, पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला आराम आणि जेल, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री, मग नीलला एक, आणि परत येऊन शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. एक दिवस कमी असेल तर नील गाळा, शेवटची रात्र गाळू नका. बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत, छान आहेत, पण पहाटे तीनला उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलिसांच्या ताफ्याबरोबर जावं लागतं, सत्तरीच्या आईवडिलांना त्यात ओढू नका. जे जातील त्यांनी काच खाली करणं, फोटो काढणं, खाऊ देणं यातलं काही म्हणजे काहीच करायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे, आणि ती माणसं आहेत, त्यांच्या घरातून आपण चाललोय.

हॅवलॉकची प्रायव्हेट बोट दीड-दोन तास घेते, सरकारी बोट जास्त. बोट लागणाऱ्यांनी निघायच्या तासभर आधी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. पोट अगदी रिकामं नको आणि तर्रीदार नाश्ताही नको, दोन इडल्या किंवा टोस्ट बास. सीट मिळाली तर मधली खालची, मोबाइल खिशात, नजर लांब क्षितिजावर. आलेपाक जवळ ठेवा. औषधं, एक कपड्यांचा जोड आणि कॅश हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा वेगळ्या ठेवतात. पोर्ट ब्लेअर सोडण्याआधीच एटीएममधून पैसे काढून घ्या. २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट सुधारलंय पण बेटांवर रेंज गेली की यूपीआय गेलं, आणि एटीएम मोजकीच.

तिकडचा सूर्य आपल्यापेक्षा खूप लवकर उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबर-जानेवारीत पाच ते साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. म्हणजे दुपारी जेवून झोपून पाचला हॅवलॉकच्या राधानगर बीचवर निघू म्हणालात तर अंधारच बघायला मिळेल, साडेतीनला तिथे पाहिजे. सकाळी साडेपाच-सहाला उठून बीचवर गेलात तर गर्दी नाही आणि ऊनही कोवळं. संध्याकाळी वाळूत बारीक किडे असतात, सँडफ्लाय म्हणतात, डासासारखे दिसतही नाहीत पण पायाला आठवडाभर खाज राहते, फुल पँट घाला किंवा खोबरेल तेल चोपडा.

आता पाण्यात उतरायचं. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, किंवा धरणात पोहणारी आपली मुलं समुद्रातही तशीच उड्या मारतात आणि इथेच जपायला पाहिजे. लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा सपाट, गडद दिसतोय, लाट फुटतच नाही, लोकांना वाटतं ही जागा शांत आहे, तर तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून बुडायला होतं. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, मग किनारा धरा. हे मुलांना हॉटेलच्या रूमवरच शिकवून न्या. मगरीचा बोर्ड लावलाय तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही नको, २०१० मधे राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेलाय, बोर्ड उगीच नाहीत. जेलीफिश चावला तर चोळू नका, बिसलेरीचं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि लगेच लाईफगार्डला दाखवा.

स्नॉर्केलिंगच्या मास्कचं सांगतो कारण निम्म्या लोकांची मजा त्यातच जाते. पट्टा न लावता मास्क नुसता तोंडावर धरा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा, मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा मागा, लाजू नका. केस आत अडकले की पाणी शिरतं, आणि मिशी असेल तर हमखास शिरतं, वरच्या ओठावर थोडं व्हॅसलिन लावा. काचेला आतून थुंकी लावून विसळली की धुकं धरत नाही. पाठीला सनस्क्रीन लावून भागत नाही, तासभर पालथं तरंगलं की पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच उतरा.

स्कूबाला पोहता येण्याची गरज नसते, इन्स्ट्रक्टर सोबत असतो. फॉर्मवर मात्र खरं लिहा, दमा, हार्ट, बीपी, प्रेग्नन्सी काहीही लपवायचं नाही, सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे होतात, कान दुखायला लागण्याच्या आधीच करायचं, आणि दुखलं तर थांबून वर यायची खूण करायची. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. डाइव्ह आणि परतीचं विमान यात किमान १८ तास ठेवा, म्हणूनही स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकलेलं बरं.

कोरलवर उभं राहू नका, ते जिवंत असतं आणि तुमचा पायही कापतं, ती जखम चिघळते, शुगर असणाऱ्यांनी तर रबरी सँडल घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये. नाशिकमधे शालिमारला, मेन रोडला मागे पट्टा असलेले साधे सँडल मिळतात ते उत्तम, स्लिपर लाटेत वाहून जाते. मेलेलं कोरल, शंख-शिंपले बॅगेत टाकून आणायचे नाहीत, एअरपोर्टच्या मशीनमधे दिसतं आणि वन्यजीव कायद्याची भानगड होते. मुलांचे खिसे निघायच्या आदल्या रात्रीच तपासा.

खाण्याचं टेन्शन नको, शाकाहारी सगळीकडे मिळतं, तरी दशम्या, चिवडा, खाकरे थोडे असू द्या, बोट लेट झाली की जेट्टीवर कामाला येतात. रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमधे, आणि त्यातली निम्मी एका बॅगेत, निम्मी दुसऱ्या बॅगेत. बुकिंग करताना आधी विमान, मग लगेच बोट, हॉटेल सगळ्यात शेवटी, कारण सीझनमधे रूम मिळते पण सकाळच्या बोटीची सीट मिळत नाही.